साठावं घर

“ताई, आज पण नाही सापडलात तुम्ही.”

रोज पाच वाजता ती मायक्रोस्कोपचा दिवा बंद करायची, मान दोन्हीकडे मोडायची आणि हे वाक्य माझ्या टेबलाकडे भिरकवायची. पहिल्या वर्षी मी हसायचे. दुसऱ्या वर्षी नुसतं ‘हूं’ करायचे. तिसऱ्या वर्षी मला वाटायला लागलं, की ही मेली पोरगी एकदाची काम सोडून जाईल तर बरं.

ती शोधत होती ते अर्थातच मला नव्हे, माझं नाव असलेलं एक कवच. मी ज्या संग्रहालयात एकतीस वर्षं काढली, तिथे फोरॅमिनिफेरांची कवचं आहेत. फोरॅमिनिफेरा म्हणजे एका पेशीचा समुद्री जीव. डोकं नाही, डोळे नाहीत, पोटसुद्धा धड नाही, पण पठ्ठ्या स्वतःभोवती घर बांधतो. आकार वाळूच्या कणाएवढा. मेल्यावर घर तळाशी पडतं, त्यावर गाळ साचतो, गाळाचा खडक होतो, आणि कोट्यवधी वर्षांनी आमच्यासारखं कुणीतरी तो खडक फोडून, भिजवून, चाळणीवर धुऊन ते घर पुन्हा उजेडात आणतं. कुठल्या थरात कुठली घरं सापडतात त्यावरून खडकाचं वय सांगता येतं.

आमच्या कपाटांत अशी चार हजारांवर जातींची घरं आहेत. वेणीसारखी, बाटलीसारखी, नाण्यासारखी, फुगे चिकटवल्यासारखी. नवीन माणूस हे सगळं बघून गांगरतो. मी कामाला लागले तेव्हाचे विभागप्रमुख, आमचे सर, सगळ्यांना एकच शिकवायचे: “आधी भिंत बघ, मग खोल्या, मग दार.” भिंत तीन तऱ्हांची. काही जण वाळूचे कण वेचून चिकटवतात, त्यातही एखादा इतका चोखंदळ की फक्त अभ्रकाचेच तुकडे घेणार. काहींची भिंत काचेसारखी, बारीक छिद्रांची. आणि काहींची चिनी मातीच्या कपासारखी, पांढरीशुभ्र, आतलं काही दिसू न देणारी.

माझं नाव असलेलं कवच या तिसऱ्या तऱ्हेचं. सरांनी माझ्या नावाला लॅटिनचं शेपूट लावून जातीला दिलं होतं. उत्तरेच्या कड्यातल्या करड्या थरात ते सापडलं, आणि त्यामुळे चिनी मातीवाल्यांचं एक अख्खं कुळ पुस्तकात होतं त्याहून चार कोटी वर्षांनी जुनं ठरलं. विभागाच्या जिन्यात कुळांचा वृक्ष रंगवलेला आहे. त्यात एक रेघ बाकीच्यांना सोडून खाली खाली जाते आणि आमच्या कड्यापाशी थांबते. शाळेची मुलं आली, की विभागप्रमुख छाती फुगवून त्या रेघेवर काठी टेकवतात.

असं कवच जगात एकच. दुसरं कुणाला मिळालेलं नाही. ते मिळवायचं, हाच त्या पोरीचा पीएच.डी.चा विषय होता. तीन वर्षांत तिने त्याच थरातून दोनशे चौदा पिशव्या दगड आणला, धुतला, तीन केसांच्या ओल्या ब्रशने कण न् कण उचलून पाहिला, आणि प्रत्येक पिशवीपुढे वहीत शून्य लिहिलं. विभागातले पुरुष तिला शून्यबाई म्हणायचे. तिच्या तोंडावरसुद्धा. ती म्हणायची, “म्हणा म्हणा, मला सापडल्यावर चहा तुम्हीच पाजायचा.” मला तेव्हा त्यांचाही राग यायचा आणि तिचाही.

शुक्रवारी विभागप्रमुखांनी तिला माझ्यासमोरच बोलावलं. माणूस वाईट नाही, पण खुर्चीत बसला की त्याचा आवाज बदलतो.

“सरांच्या एका पिशवीत सापडलं,” ते म्हणाले. “तुला दोनशे चौदांत नाही. मग दोष खडकाचा की डोळ्यांचा?”

“सर, मी एकेक पिशवी दोनदा बघितलीये.”

“दोनदा चुकायला वेळ तेवढाच लागतो. गुरुवारी समिती आहे. माझ्याच्याने आता तुझी बाजू घेणं होणार नाही. नोंदणी रद्द झाली तर मनाला लावून घेऊ नकोस. सगळ्यांनाच हा हात नसतो.” मग माझ्याकडे वळून, “तुम्ही सांगा हो हिला. तुम्ही तर नोकरीच्या तिसऱ्या महिन्यात शोधलंत.”

मी समोरची काच पुसायला घेतली. ती खाली बघत होती आणि अंगठ्याच्या नखाने बोटावरचा डिंक खरवडत होती. त्या दिवशी पाच वाजता ती काहीच म्हणाली नाही. दिवा बंद केला, पिशवी उचलली, गेली. मला ते नेहमीचं वाक्य ऐकू आलं असतं तर बरं वाटलं असतं.

आता ते कसं सापडलं, ते सांगतेच.

धुतल्यावर बारीक कवचं चाळणीच्या जाळीत अडकून बसतात. ती पुढच्या नमुन्यात गेली, तर खडकाच्या वयाचा पार विचका होतो. म्हणून दर धुण्यानंतर चाळणी निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवायची. अडकलेलं जे काही असेल ते निळं होतं. पुढच्या नमुन्यात निळं कवच दिसलं की समजायचं, हा आधीचा पाहुणा. बघत बसायचं नाही, थेट कचऱ्यात. मोरीच्या वर सरांच्या अक्षरात पाटी होती: निळं दिसलं, टाकून दिलं.

मी बावीस वर्षांची होते. सकाळी हात बसावा म्हणून एक वाळूची पुडी धुतली होती. कुठल्याशा लांबच्या बेटावरून आलेला एक पाहुणा ती टेबलावर विसरून गेला होता, सरांनी ती उघडूनही पाहिली नव्हती. मग नियमाप्रमाणे चाळणी निळ्यात बुडवली आणि कड्यातला करडा दगड धुवायला घेतला. दुपारी ताटलीत ते दिसलं. निळं. गडद निळं. आणि इतकं सुंदर, की माझा हात कचऱ्याकडे जाईना. असं दार मी एकाही चित्रात पाहिलं नव्हतं. दाराच्या मधोमध दोन दात, एकमेकांत अडकवलेल्या आकड्यांसारखे.

मी ते स्पिरिटात टाकलं आणि जेवायला गेले. परत येईपर्यंत ते पांढरं झालं होतं. आमच्या काळ्या स्लाइडवर साठ घरं आखलेली असतात, प्रत्येक जात आपापल्या घरात चिकटवायची. साठावं घर वेचणाऱ्याचं स्वतःचं. ‘हे काय ते नंतर विचारू’ असलं सगळं त्यात जातं. मी ते तिथे चिकटवलं. सरांना हळूच विचारायचं ठरवलं होतं, पुडीसकट. फसवायचं नव्हतं हो. खरंच नव्हतं.

संध्याकाळी मला ताप भरला. तीन दिवसांनी कामावर आले तर सगळा विभाग माझ्याकडे बघून हसतोय. सरांनी स्लाइड पाहिली होती, तिच्यावर कड्याच्या दगडाचा क्रमांक होता. ते माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “पोरी, मी अकरा वर्षं त्या कड्याकडे बघतोय. मला दिसलं नाही, ते तुझ्या डोळ्यांना दिसलं.” ते रडत होते. मी तोंड उघडलं आणि मिटलं. पुडी तोवर झाडूवाल्याने नेली होती. महिन्याभरात माझी नोकरी कायम झाली, वर्षभरात लेख छापून आला.

त्यानंतर रोज एक दिवस उशीर होत गेला. उशिराची अशी गंमत असते, की तो पहिल्या आठवड्यातच पुरेसा होतो. पुढे मी संग्रहाची प्रमुख झाले. किल्ली माझ्याकडे आली. दोनदा लोकांनी ते कवच यंत्राखाली घालून आतून बघायची परवानगी मागितली. दोन्ही वेळा मी लिहून दिलं, ‘अतिशय नाजूक, हाताळू नये.’ अभ्रकवाला निदान तुकडे निवडून चिकटवतो. मी हाताला येईल ते लावत गेले.

शनिवारी मी सरांकडे गेले. दर शनिवारी जातेच. सरांचं वय चौऱ्याऐंशी. डोळ्यांचा मधला भाग गेलाय, कडेकडेचंच दिसतं. समोर बसलेल्या माणसाला बघायचं तर ते मान वळवून भिंतीकडे बघतात. मी त्यांना नवे लेख वाचून दाखवते.

दार काकूंनी, सरांच्या बायकोने, उघडलं. “ये गं. सकाळपासून तुझी वाट बघतायत. माझं वाचलेलं आवडत नाही. म्हणे, तू लॅटिन शब्द आला की भांडी पडल्यासारखं वाचतेस.”

सर खिडकीशी बसले होते. मांडीवर ते प्लास्टरचं कवच. निवृत्तीच्या दिवशी विभागाने माझ्या जातीचा नारळाएवढा मोठा नमुना करून दिला होता. बुडाला चिठ्ठी: जातीचं नाव, थर, वय, ‘शोधणारी’ आणि माझं नाव, खाली सरांची सही. डोळे गेल्यापासून ते त्यावर बोटं फिरवत बसतात.

“मिळालं का दुसरं?” दर शनिवारचा पहिला प्रश्न.

“नाही सर.”

“मुलगी आळशी आहे?”

“नाही. माझ्याहून चांगली वेचते.”

“मग मिळेल. मिळायला हवं. एकच असलं, की रात्री झोपेत शंका येतात.” त्यांचा अंगठा दारातल्या दोन दातांवर थांबला. “माझ्या डोळ्यांदेखत मिळालं असतं तर, म्हणजे आपलं, डोळे असते तर...” आणि ते स्वतःच्याच विनोदावर हसले.

पण आज बोलले नाही, तर गुरुवारी ती पोरगी हकनाक जाणार होती.

“सर,” मी म्हटलं, “ते निळं होतं.”

काकू आत कपबशा काढत होत्या. त्यांचा आवाज येत राहिला.

“काय निळं होतं?”

“ते. मी ताटलीतून उचललं तेव्हा.”

त्यांनी मान वळवली, म्हणजे ते माझ्याकडे बघत होते. मग जो प्रश्न आला तो मला अजून आठवतो, कारण मला वाटलं होतं ते ओरडतील.

“फिकट, की गडद?”

“गडद.”

“स्पिरिटात किती वेळ?”

“जेवणाची सुट्टी. तासभर.”

“आधी काय धुतलं होतंस?”

“ती बेटाची वाळू. तुम्ही न उघडलेली पुडी.”

“तासाभरात वरचं जातं,” ते हळूहळू म्हणाले, वर्गात म्हणायचे तसं. “आतल्या खोल्यांतलं जाणार नाही. भिंत ओली करून आत पाहिलंस?”

“हिंमत नाही झाली.”

“मलाही झाली नव्हती. एकच होतं. तडकलं असतं तर.” त्यांनी मांडीवरचं प्लास्टरचं कवच बाजूला ठेवलं. “मी लेखात लिहिलंय बघ, आतली रचना पाहता आली नाही. पाहता आली नाही! पाहिली नाही, असं लिहायला हवं होतं.”

मी त्यांचे पाय धरायला वाकले. त्यांनी पाय मागे घेतले.

“एकतीस वर्षं,” ते म्हणाले. “दर शनिवारी येत होतीस. इथेच बसत होतीस.”

“तुम्ही रडत होतात त्या दिवशी. मला नाही सांगता आलं.”

“त्या दिवशीचं राहू दे. नंतरचे शनिवार?”

मी समितीचं सांगितलं. शून्यबाईच्या शून्यांचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं, आणि मग इतक्या बारीक आवाजात बोलले, की मला खुर्ची पुढे ओढावी लागली.

“आता नको सांगूस कुणाला. मी गेल्यावर सांग. फार दिवस नाहीत, डॉक्टर बोललाय काकूंशी, मला कळलंय. तिला दुसरा विषय मिळेल. वय आहे तिचं. मला आता दुसरं काय मिळणार?”

ज्या माणसाने मला बघायला शिकवलं तो माझ्यापुढे गयावया करत होता. मी ‘बरं’ म्हटलं नाही, ‘नाही’ही म्हटलं नाही. काकू चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “हे काय, दोघांचे चेहरे असे का? कुणी गेलं की काय?”

रविवार मी घरातली सगळी कपाटं आवरण्यात घालवला. नवरा दोनदा विचारून गेला, काय हरवलंय. मी त्याच्यावर खेकसले. तीन दशकांच्या संसारात त्यालाही मी हे सांगितलं नव्हतं. सरांना थोडेच दिवस उरले होते, पोरीला चार. कुणाचे दिवस वाचवायचे, हे मीच ठरवायचं होतं. मला सरांवर जेवढी माया होती तेवढी त्या मुलीवर नव्हती, हे खोटं कशाला बोलू? ती मला दर संध्याकाळी टोचायची. पण तिने एकही कण न बघता टाकला नव्हता.

सोमवारी सकाळी ती टेबल आवरत होती. गुरुवारच्या आधीच.

“बस,” मी म्हटलं. “दिवा लाव.”

लोखंडी कपाटातून मी मूळ स्लाइड काढली. तिने हातही लावला नाही, नुसती उभी राहिली. या स्लाइडपर्यंत तिला मी तीन वर्षांत पोचू दिलं नव्हतं, फोटोवर भागव म्हटलं होतं. साठाव्या घरातला डिंक मी पाण्याच्या थेंबाने सैल केला, कवच ब्रशने उचललं आणि साध्या काचेवर ठेवलं. मग ग्लिसरीनची बाटली घेतली.

“ताई, काय करताय? तडकेल ते!”

“तडकू दे.”

थेंब पडला. चिनी मातीची भिंत ग्लिसरीनमध्ये तेल लागलेल्या कागदासारखी होते, आतलं पलीकडून दिसायला लागतं. मी बघितलं नाही. खुर्ची तिच्याकडे ढकलली.

ती वाकली. फोकसचं चाक एकदा पुढे, एकदा मागे फिरवलं. मी तिच्या मानेकडे बघत उभी होते. केस वर बांधलेले, मानेवर मायक्रोस्कोपवर वाकून वाकून पडलेली घडी. तशीच माझ्याही मानेवर आहे.

“आत निळं आहे,” ती म्हणाली.

“हो.”

“मधल्या दोन्ही खोल्यांत.”

“हो.”

डोकं न उचलता तिने विचारलं, “चाळणीचं?”

“माझ्या चाळणीचं. मीच धुतलं होतं. मी निळं बघितलं होतं, आणि ठेवलं.”

तिने फोकसचं चाक पुन्हा एकदा फिरवून पाहिलं. मग सरळ झाली, पिशवीतून वही काढली, आणि पहिल्या पानापासून उलटायला लागली. शून्य, शून्य, शून्य. प्रत्येकापुढे तारीख आणि सही. शेवटच्या पानावर तिने तळहात सपाट ठेवला.

“म्हणजे माझी शून्यं बरोबर होती,” ती म्हणाली.

“सगळी.”

“दोनशे चौदाच्या दोनशे चौदा?”

“अगं हो.”

तिचा चेहरा आधी उजळला. मी शपथेवर सांगते, उजळला. मग तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि ते सगळं विझलं.

“मी बाथरूममध्ये जाऊन रडायचे तेव्हा तुम्ही मला चहा पाठवायचात,” ती म्हणाली. “तीन वर्षं. हे कपाट इथून चार पावलांवर आहे, ताई.”

मी ग्लिसरीनच्या बाटलीला झाकण लावलं.

“फोटो काढू?” तिने विचारलं. आवाज पार कोरडा.

“काढ. स्केल लावून काढ.”

आमच्याकडे नियम आहे, सरांनीच घालून दिलेला: जुनी चिठ्ठी कधी काढायची नाही, त्यावर खोडायचंही नाही. चूक सापडली की खाली नवी चिठ्ठी जोडायची, तारीख घालून सही करायची, म्हणजे पुढच्याला कळतं कोण कुठे चुकलं होतं. मी स्लाइडच्या मागे चिठ्ठी लावली: ‘या खडकातलं नाही. आधीच्या धुण्यातून आलेलं. धुणारी आणि लपवणारी मीच.’ सही करताना हात स्थिर होता. तीस वर्षांत इतका स्थिर नव्हता.

गुरुवारी समितीपुढे मी उभी राहून हे सगळं वाचून दाखवलं. विभागप्रमुखांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. त्यांनी मुलीच्या नोंदणीला सहा महिने वाढवून दिले, तिचा शून्यांचा तक्ता जसाच्या तसा छापायचं ठरलं, आणि मग त्यांनी माझ्यापुढे हात केला. मी किल्ली दिली. जिन्यातली रेघ पुसायला रंगारी कधी येणार, यावर मागे दोघं कुजबुजत होते. त्या संध्याकाळी पाचला तिने दिवा बंद केला, मान दोन्हीकडे मोडली आणि माझ्या टेबलावरून पुढे निघून गेली.

शनिवारी मी सरांकडे गेले. न जाण्याचं धैर्य नव्हतं.

काकूंनी दार उघडलं, पण बाजूला झाल्या नाहीत. आत रेडिओ चालू होता. माझा आवाज ऐकून कुणीतरी तो लहान केला.

“झोपलेत,” काकू म्हणाल्या. त्यांना खोटं बोलता येत नाही, कधीच येत नव्हतं. डोळे सुजलेले. “विभागातून फोन आला होता गुरुवारी. तू पुढच्या शनिवारी...” त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग कोपऱ्यातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी उचलून माझ्या हातात दिलं. “हे तुला द्यायला सांगितलंय. कालपासून माझ्याकडून लिहून घेत होते. चार वेळा फाडायला लावलं.”

दार लागलं. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून कागद सोडवला. प्लास्टरचं कवच होतं. मी ते उलटं केलं. बुडाला जुनी चिठ्ठी होती, आणि तिच्याखाली काकूंच्या गोल अक्षरात नवी, ओला डिंक अजून कडेने चमकत होता.

‘खडकातलं नाही. चाळणीतून आलेलं. वय: आजचं. आतली रचना मी पाहिली नाही, ही चूक माझी. जात बहुधा खरी आहे. बेटाच्या वाळूत जिवंत शोधावी.’

खाली तारीख. त्याखाली सरांची सही, आंधळ्या हाताने केलेली, चिठ्ठी सोडून प्लास्टरवर घसरलेली.

वरच्या चिठ्ठीत ‘शोधणारी’ लिहिलं होतं, आणि पुढे माझं नाव तसंच होतं. खोडायचं नाही, हा नियम त्यांचाच होता.